घोंगड्यामागचं शेत

रामनगरच्या माझ्या घरात एक लाकडी कपाट आहे. त्याच्या खालच्या खणात झिरोचा बल्ब बारा महिने तेवत असतो. पाहुण्यांना वाटतं, आत देव आहेत. आत निगेटिव्ह आहेत. आमच्याकडचा पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही, आणि त्या दमट हवेत निगेटिव्हवर बुरशी धरते. एकदा धरली की ती माणसाचं नाक आधी खाते की डोळा, एवढंच बघत बसायचं. म्हणून तो बल्ब.

चाळीस वर्षं मी गोव्याच्या हद्दीला लागलेल्या, कन्नड मुलखातल्या जोयडा तालुक्यातली माणसं टिपली. पोटापाण्याला स्टुडिओ होता. पासपोर्ट साइज, लग्नं, गेलेल्या माणसांच्या तसबिरी मोठ्या करून त्यांत रंग भरणं, असलं सगळं. दुकान बंद असायचं त्या वारी मात्र कॅमेरा गळ्यात घालून कुंभारवाड्याकडं जाणारी पहिली बस धरायची आणि ती सोडेल तिथून पुढं चालायचं. लोक याला काम म्हणतात, बायको नाद म्हणते. मला तिचा शब्द जास्त पटतो.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका सकाळी आक्का माझ्या दारात उभी राहिली. दिग्गीच्या वाटेवर रानात चार घरांची एक वाडी आहे, तिथली ही म्हातारी कुणबीण. ती माझ्याहून मोठी की लहान, हे अजून ठरलेलं नाही. ती मला आण्णा म्हणते, मी तिला आक्का म्हणतो. दोघांनीही एकमेकांना मोठं ठरवून टाकलंय आणि विषय संपवलाय. बरोबर तिचा मुलगा होता. दोन बस बदलून आली होती आणि पदरात बांधून मांडीएवढा कोन आणला होता. कोन म्हणजे त्यांच्या परसात होतो तो कंद. एक आणला की आमच्या घरी तीन दिवस भाजी पुरते.

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "आण्णा, फोटू पायजे."

"कुणाचा?"

"शेताचा. आमच्या खालच्या खाचराचा. इतकी वर्सं फोटू काडलासा, एकात तरी आसंलच की."

मग मुलानं नीट सांगितलं. वाडीतल्या लोकांनी वनहक्काचे अर्ज घातले होते. आक्काच्या घराचं आणि परसाचं अडलं नव्हतं. अडलं होतं ते घराखालच्या भाताच्या खाचराचं. नवरा गेल्यावर ते सात-आठ वर्षं पडून राहिलं होतं. मुलगा गोव्याला कारखान्यात, म्हातारीच्यानं नांगर धरवेना. तेवढ्या काळात रान आत आलं. मुलगा परत आल्यावर त्यानं झुडपं काढून पुन्हा भात लावलं. आता बघणाऱ्याला ती जागा ताजी तोडलेली दिसत होती. कागदावर तिथं जंगल होतं. वाडीतल्या म्हाताऱ्यांचे जबाब झाले होते, पण त्यातले दोघं आक्काचे सख्खे दीर. कुणीतरी विचारलं, शेती जुनी असल्याचा बाहेरचा पुरावा काही आहे का? तेव्हा आक्काला मी आठवलो. खाचर गेलं, तर घर राहणार आणि खायला काही राहणार नाही, असा तो मामला होता.

मी हसलो. खरंच हसलो. शेताचा एक फोटो एवढंच ना, म्हटलं, आक्का, तुझ्या ह्या पोराचा शेंबूडसुद्धा आहे माझ्याकडं. तुझ्या अंगणात जितकी फिल्म मी जाळली तितकी तालुक्यात कुठंच नाही. चहा होईस्तोवर काढून देतो.

चहा झाला, निवला, बायकोनं पुन्हा तापवून आणला. मी जमिनीवर बसून पाकिटामागून पाकीट उघडत होतो. आक्का तरणी, आक्का मूल घेऊन, आक्काची सासू, दीर, शेजारचे, पलीकडच्या वाडीवरचे. सगळे होते. खांद्यावर गाठ मारलेली लुगडी, गळ्यातले मणी, एकेक सुरकुती मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. आणि प्रत्येकाच्या मागं काळं. नुसतं काळं.

हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण ते आपोआप झालेलं नाही. मी केलं.

बेळगावात ज्या उस्तादांकडं मी शिकलो, ते म्हणायचे, मागची गिचमिड गेली की माणूस पुढं येतो. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तरुण होतो, शिकलेलं जरा जास्तच मनावर घ्यायचो. पहिल्यांदा आक्काच्या अंगणात गेलो तो पाणी मागायला. सकाळचं ऊन तिथं असं पडतं की चेहऱ्यावर सावलीची रेघ उमटत नाही. मी फोटो काढू का विचारलं, ती उभी राहिली, आणि माझी कुरकुर सुरू झाली. मागं गवत आलं, मागं गोठा आला, मागं काटक्या आल्या. तिचा नवरा गोठ्याच्या दारात उभा राहून हे ऐकत होता. तो आत गेला, पावसात पांघरायचं काळं घोंगडं घेऊन आला, एका बांबूवर टाकलं आणि दोन्ही हात वर करून तिच्या मागं धरलं.

"ह्ये चालंल काय?"

चालंल काय म्हणजे? धावलं! त्या घोंगड्यासमोर आक्काचा चेहरा असा उठला की मी त्या दिवसापासून दुसरं काही बघितलंच नाही. पुढं ते अंगण म्हणजे माझा रानातला स्टुडिओ झालं. मी येणार म्हटलं की आसपासचे लोक तिथं जमायचे, एकेकानं घोंगड्यापुढं यायचं आणि आक्काच्या नवऱ्यानं ते धरायचं. उंच माणूस, हात लांब. बोलणं कमी, पण विनोद कळायचा; पुढं उभं राहिलेला कुणी फार ताठला की हा मागं हसायचा आणि अख्खं घोंगडं लाटा मारायचं. मग मी ओरडायचो. प्रिंटमध्ये वरच्या कोपऱ्यात कधी त्याची चार बोटं यायची. ती मी कापून टाकायचो.

मी त्याला म्हटलं होतं, एकदा तूही पुढं ये की. तेव्हा तो म्हणाला, "मग घोंगडं कोन धरनार?"

बिनतोड होतं. मीही पुन्हा विचारलं नाही.

त्या फोटोंचं पुढं शहरातल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन झालं. जाड चष्म्याचे एक गृहस्थ बराच वेळ हात मागं बांधून फिरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की या चेहऱ्यांना स्थळ नाही, काळ नाही. ते वाक्य मी पाठ केलं. पुढची वीस वर्षं कुणी विचारो न विचारो, मी ते कुठंतरी बसवायचोच. बायको मागून ओठ हलवून माझ्याबरोबर म्हणायची.

आक्काचा नवरा तापाच्या निमित्तानं गेला. त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. दिवसकार्याच्या आधी मुलगा माझ्याकडं तसबिरीसाठी फोटो मागायला आला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्याकडं त्याचा एकही नाही. एवढ्या चेहऱ्यांत तो नव्हता. मतदार ओळखपत्रावर होता तेवढाच. त्यात त्याला त्याच्या आईनंही ओळखलं नसतं. मी तोच मोठा केला, डाग पुसले, शर्टाला निळा रंग भरला आणि दिला. आक्कानं तो लांब धरून बघितला.

"ह्यो कोन?" म्हणाली.

तो भिंतीवर लागला नाही. मला वाईट वाटलं, पण चार दिवस. धंद्यात असं होतं, अशी मी समजूत घातली. कपाटातला बल्ब उडाला तर त्याहून जास्त वाईट वाटायचं, हेही लिहून ठेवतो.

तर आता आक्का समोर बसली होती आणि माझ्याकडं चाळीस वर्षांचं काळं घोंगडं होतं.

तरी मी अडून बसलो. म्हटलं, फोटो तुझ्या अंगणातलेच आहेत, मी लिहून देईन. वीस मोठे प्रिंट घेतले, स्वच्छ शर्ट घातला आणि तिघं मिळून जोयड्याला कचेरीत गेलो. टेबलावरचा कारकून तरुण होता, सभ्य होता. घरी कन्नड बोलणारा. माझ्याशी मराठीत बोलला. त्यानं एकेक प्रिंट खरोखर बघितला. घाई केली नाही.

"फोटो फार छान आहेत, सर," तो म्हणाला. "पण ह्यात जागा कुठाय? कधीचा आहे हेपण दिसत नाही. हा माणूस कुठंही असू शकतो."

चष्म्याच्या गृहस्थांचंच वाक्य. वीस वर्षं मिरवलेलं. आता ते टेबलाच्या पलीकडून आलं आणि त्यात कारकुनाची काही चूक नव्हती. मी प्रिंट गोळा केले. आक्का वाटेत मलाच समजावत होती. "ऱ्हाऊ द्या की आण्णा. तुमाला तरी काय म्हाईत, आसं हुईल म्हनून."

मला राग आला होता. तिचा नाही, उस्तादांचाही नाही. ज्याचा आला होता तो माझ्याच चपलांत चालत होता आणि त्याच्याबरोबरच घरी जायचं होतं.

पुढचे आठ-दहा दिवस मी कपाट उपसलं. सकाळी उन्हं खिडकीत आली की बसायचं, दुपारी उन्हं फिरली की उठायचं. प्रिंट ठेवले बाजूला, निगेटिव्हच उजेडाला धरून बघत होतो. कापलेल्या कडांत काही सापडेल अशी आशा होती. सापडली ती बोटं. डाव्या कोपऱ्यात चार, उजव्या कोपऱ्यात चार. शेत नाही. घोंगडं चांगलंच रुंद होतं आणि धरणारा कामात चोख होता. बायको एकदा चहा ठेवायला आली, माझ्या खांद्यावरून बघितलं आणि म्हणाली, "एवढ्या लोकांच्या मागं उभा राहिला बिचारा. तुम्हाला एकदाही कॅमेरा तिकडं फिरवावासा वाटला नाही?" मी चहा प्यालो.

आता धंद्यातली एक साधी गोष्ट. जुन्या कॅमेऱ्यात फिल्म भरताना तिचं सुरुवातीचं टोक उजेडात येतं आणि जळतं. ते पुढं सरकवायला मागचं झाकण लावून दोन वेळा नुसतंच बटण दाबायचं. समोर काय आहे ते बघायचं नाही, कारण तो फोटो नसतोच. तो कचरा. पहिली फ्रेम अर्धी जळालेली असते, दुसरी कधी येते, कधी येत नाही. त्यानंतर खरा एक नंबर लागतो. धुतल्यावर मी पट्टी पहिल्यापासून सहा-सहाची कापायचो, त्यामुळे हा कचरा पहिल्या पट्टीला चिकटून राहायचा. चाळीस वर्षांत मी त्याच्याकडं एकदाही बघितलं नव्हतं. केर कोण वाचतो?

आठव्या की नवव्या दिवशी एक पट्टी हातात उलटी आली. सरळ करताना अंगठा जळक्या टोकावरून सरकला आणि काळ्या डागाच्या कडेला मला एक बांध दिसला.

भिंग लावलं. बांध होता. त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा. उजवीकडं म्हशीनं पाय दुमडून बसावं तसा एक खडक. मी आक्काच्या अंगणातून हजार वेळा बघितलेला खडक.

पट्टी पाकिटावर जपून ठेवली. नंतर नीट विचार केला आणि सगळं सोपं निघालं. फिल्म नेहमी आपल्याच सावलीत भरायची, उन्हाकडं पाठ करून. मी सकाळच्या बसनं यायचो, आक्काच्या गोठ्याच्या दगडी पायरीवर बसायचो, ऊन पाठीवर घ्यायचो आणि फिल्म भरायचो. म्हणजे तोंड दर वेळी पश्चिमेला. पश्चिमेला होतं खाचर. कॅमेरा पिशवीत टाकताना लेन्स फिरवून लांबवर लावून ठेवायची माझी सवय, म्हणून लांबचं सगळं लख्ख. मी न बघता, न ठरवता, एकाच पायरीवरून तेच शेत वर्षानुवर्षं काढत होतो आणि मग उठून, त्या शेतापुढं घोंगडं धरायला लावून, माझं महान काम करत होतो.

अशा अकरा फ्रेम निघाल्या. एकीत भात उभं. एकीत नुसती धसकटं. एकीत लावणी, आणि वाकलेल्या बायकांच्या पाठी. दोन-तीन फ्रेममध्ये रानडुकरांपासून भात राखायचा माळा. एकीत अर्धं शेत, अर्धा माझा अंगठा. कॅमेरा मिचमिच्या डोळ्यांनी बघत असल्यासारख्या त्या फ्रेम काही जास्त उजळ, काही अंधाऱ्या. मी अशी चित्रं कधी कुणाला दाखवली नसती.

सगळ्यांत जुनी होती ती पहिल्या-दुसऱ्या वर्षाची. डावी बाजू जळून गेलेली. उजवीकडं खडक, तीन बांध, कापणी झालेलं शेत. आणि शेताच्या कडेनं, घोंगडं खांद्यावर टाकून, हातात बांबू घेऊन येणारा माणूस. घोंगडं बहुतेक माळ्यावर राहिलं होतं, ते आणायला गेला असणार. तो सरळ माझ्याकडं बघत होता आणि हसत होता. फोटो निघतोय हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

त्याच पट्टीवर, त्याला चिकटून, पुढची फ्रेम आक्काची. छातीशी दोन-तीन महिन्यांचा मुलगा. हाच, जो आता अर्ज घेऊन फिरत होता. त्याचं जन्मसाल शाळेच्या दाखल्यावर होतं. म्हणजे काळही सापडला, न कापलेल्या पट्टीवर, शेजारी शेजारी.

मी अकराही प्रिंट काढले. डार्करूम केव्हाच मोडली होती, बेळगावात ओळखीच्या ठिकाणी जाऊन काढले. ती जुनी पट्टी मात्र पट्टी म्हणूनच पूर्ण छापली, जळक्या टोकासकट.

स्थळपाहणीला मोजणीदार आले तेव्हा मीही गेलो. ते कन्नडमधून बोलत होते, आक्काही त्यांच्याशी कन्नडमधूनच बोलली. मराठी ती माझ्यासाठी ठेवते. त्यांनी प्रिंट हातात घेतले आणि मला विचारलं, तुम्ही नेमके कुठं होता? मी गोठ्याच्या पायरीवर जाऊन बसलो. गोठ्याचं छप्पर बदललंय, पायरी तीच. मोजणीदार माझ्याशेजारी बसले, वयस्क माणूस, गुडघे धरून हळूच. प्रिंट डोळ्यांसमोर धरला आणि त्याच्या वरून पलीकडं बघितलं. खडक जागेवर होता. वरचा बांध जागेवर होता. मधला झुडपांनी फोडला होता, पण त्याची रेघ दिसत होती. खालच्याचे दगड मुलानं नव्यानं रचले होते, त्याच ओळीवर. मोजणीदारांनी मान हलवली, एक-एक प्रिंट करत अकराही वेळा वर-खाली बघितलं आणि वहीत लिहिलं, की ही शेती जुनी आहे. लिहिलेलं मुलाला वाचून दाखवलं. मग म्हणाले, हे फोटो कचेरीत नेऊन फाइलला लावा, त्यावर शिक्का पडला पाहिजे.

आक्का तोवर फोटोंकडं आली नव्हती. ती मोजणीदारांच्या तोंडाकडं बघत होती. ते खाली शेतात उतरले तेव्हा ती पायरीवर माझ्याजवळ बसली. मी प्रिंट तिच्या हातात दिले. बांध ओळखला, माळा ओळखला, लावणीतल्या पाठींपैकी एक पाठ आपल्या नणंदेची आहे म्हणाली. मग शेवटचा आला.

तिनं पदरानं प्रिंटवरची नसलेली धूळ पुसली.

"आण्णा, ह्यो तुमच्याकडं होता?"

"होता."

"इतकी वर्सं?"

"होता आक्का. मी बघितला नव्हता."

"आनि मला त्यो निळ्या शर्टाचा दिलासा."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं सांगितलं, जसं घडलं तसं. मला लाज वाटली. माणसांचे फोटो काढणारा म्हणून मी आयुष्यभर हिंडलो आणि जो माणूस दर खेपेला माझ्यासाठी हात वर करून उभा राहिला, त्याला मी कचऱ्यात ठेवलं होतं. तिला मी तसं म्हटलंही. तिनं ऐकलं, आणि मला वर उठवायला हात पुढं केला, कारण माझेही गुडघे आता पहिल्यासारखे राहिलेले नाहीत.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा जोयड्याला गेलो. तोच कारकून. या वेळी त्यानं प्रिंट बघितले आणि हसला. "हे मागच्यासारखे छान नाहीत," म्हणाला.

"नाहीत," मी म्हटलं. "हेच लावा."

त्यानं मोजणीदारांचा कागद काढला, प्रिंट ओळीनं टेबलावर मांडले आणि शाईच्या पॅडवर शिक्का दाबला. एकेका फोटोवर तो मधोमध शिक्का मारत चालला. धसकटांवर मारला, माळ्यावर मारला, लावणीतल्या पाठींवर मारला. आक्का टेबलाला टेकून उभी होती. मुलगा दारात कुणाशी तरी बोलत होता. पट्टीच्या प्रिंटवर शिक्का यायला लागला तेव्हा तिनं एकदम हात पुढं घातला आणि पंजा फोटोवर पालथा ठेवला. घोंगडं घेऊन येणारा माणूस त्या पंजाखाली गेला.

कारकुनाचा हात वरच थांबला. "आज्जी, शिक्का लागतो. त्याशिवाय चालत नाही."

"मारा की. न्हाई कुटं म्हनाय लागलोय." तिनं दुसऱ्या हाताच्या बोटानं दाखवलं. "हितं मारा, शेतावर. मानसावर नगं."

मी सांगणार होतो, की आक्का, निगेटिव्ह माझ्याकडं आहे, तुला पाहिजेत तेवढे काढून देतो, हा फाइलला लावायचा कागद आहे. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं. मुलगा दारातून आत आला होता. तो आईच्या मागं येऊन उभा राहिला.

कारकुनानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग तो खुर्चीतून अर्धा उठला, तिच्या बोटांपासून शिक्का लांब ठेवून नीट नेम धरला आणि खालच्या बांधाजवळ मारला. शाई वाळेपर्यंत आक्कानं हात उचलला नाही.